मुलांच्या खेळण्यामुळे खरंच बीपी वाढतं का?

गेल्या महिन्यात दोन जुने पेशंट दवाखान्यात आले. दोघंही सत्तरीच्या आसपासचे. या वेळी तब्येतीची तक्रार नव्हती, हातात एक अर्ज होता. आमच्या भागातल्या उद्यानाच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी मुलं क्रिकेट आणि फुटबॉल खेळतात. त्यांच्या आरडाओरड्यामुळे ज्येष्ठ नागरिकांचा रक्तदाब वाढतो, म्हणून महापालिकेने तिथे खेळायला कायमची बंदी घालावी, असा मजकूर होता. खाली पन्नासेक सह्या. "डॉक्टर, तुमची सही आणि शिक्का द्या. तुमच्या शब्दाला वजन आहे."

मी सही केली नाही. दोघंही नाराज झाले. जाताना एकजण म्हणाले, "तुमचं घर मैदानासमोर नाही ना, म्हणून."

त्यांचा टोला अगदीच चुकीचा नव्हता. म्हणूनच सही का केली नाही, हे इथे सविस्तर लिहितो आहे. असे अर्ज आज प्रत्येक शहरात, प्रत्येक सोसायटीत फिरत आहेत. "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे, हुकुमावरून" ही पाटी तुम्हीही पाहिली असेल. कदाचित ती लावणाऱ्यांत तुम्हीही असाल.

आवाजाने शरीराचं काय होतं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आवाजाने तब्येत बिघडते, हे खरं आहे. हा कुणाचा नखरा नाही.

अचानक मोठा आवाज झाला की मेंदू त्याला धोका समजतो. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स रक्तात येतात, छाती धडधडते, बीपी वर जातं. आवाज थांबला की काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. हे निरोगी शरीराचं काम आहे, आजार नाही. जिना चढतानाही बीपी वाढतंच.

आजार होतो तो वेगळ्या वाटेने. रात्री झोपेत आपलं बीपी साधारण दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतं. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ती विश्रांती असते. कान मात्र झोपेतही जागे असतात. रात्रभर हॉर्न, ट्रक आणि स्पीकर वाजत राहिले, तर माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी शरीर पुन्हा पुन्हा दचकतं आणि ही विश्रांती मोडते. वर्षानुवर्षं असंच चाललं तर उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. याबाबतचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो रस्त्यावरची वाहतूक, रेल्वे आणि विमानं यांच्या आवाजाबद्दल. म्हणजे जो आवाज रोज असतो, तासन् तास असतो आणि रात्रीही असतो.

संध्याकाळी साडेपाच ते साडेसात "आउट आहे, आउट आहे" असं ओरडणारी मुलं या वर्णनात बसत नाहीत. त्यांच्यामुळे कुणाला कायमचा रक्तदाब जडला, असं लिहून द्यायला माझ्याकडे वैद्यकीय आधार नाही. आधार नसलेल्या गोष्टीवर शिक्का मारणं मला जमणार नाही.

खरा त्रास देणारे कोण?

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही सणासमारंभांसाठी रात्री बारापर्यंत, सूट देऊ शकतं.

आता आपल्या भागातला एक आठवडा आठवून पाहा. मंडपातला डीजे. वरातीतले फटाके. रात्री एक वाजता झळझळीत दिव्यांखाली चालणारं टर्फवरचं बॉक्स क्रिकेट. सकाळपासून रात्रीपर्यंत स्पीकरवर कॉमेंट्री करत चालणाऱ्या अंडरआर्म स्पर्धा, ज्यांच्या फ्लेक्सवर नगरसेवकापासून भावी आमदारापर्यंत सगळे हसत असतात. पहाटे साडेपाचला सार्वजनिक मैदानावर शिट्ट्या फुंकत पैसे घेऊन चालणारे क्लास. सिग्नल हिरवा व्हायच्या आतच वाजणारे हॉर्न.

यातल्या किती गोष्टींविरुद्ध अर्ज फिरला? किती जणांनी ११२ वर फोन केला? मी त्या दोघांना हेच विचारलं. उत्तर आलं, "त्यांच्या नादी कोण लागणार, डॉक्टर?"

मला राग येतो तो इथे. डीजेवाल्याला बोलायची आपली हिंमत नाही, स्पर्धेच्या आयोजकाला बोलायची सोय नाही, म्हणून बारा वर्षांच्या पोराची बॅट जप्त करायची. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

मुंबईतल्या शिवाजी पार्कचं उदाहरण घ्या. आसपासच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं सभा आणि स्पीकरचा त्रास सोसला आणि शेवटी ते न्यायालयात गेले. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र ठरवला. पण म्हणून तिथलं क्रिकेट बंद पडलं का? नाही. आजही तिथे नेट लागतात, मुलं ओरडतात, चेंडू हरवतात. त्या रहिवाशांची लढाई खऱ्या त्रासाशी होती.

जर्मनी हा शांततेच्या बाबतीत काटेकोर देश. तिथेही २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून स्पष्ट केलं गेलं, की पाळणाघरं, खेळाची मैदानं आणि चेंडू खेळण्याच्या जागा इथून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे हानिकारक मानायचा नाही. यंत्राचा आवाज आणि मुलांचा आवाज एकाच तराजूत तोलता येत नाही, हे त्यांना कायद्यात लिहावं लागलं.

बंदीची किंमत माझ्या टेबलावर येते

अर्ज घेऊन आलेले दोघं जायच्या आधी तासभर, त्याच खुर्चीत एक आई तिच्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. तक्रार होती "मान घासूनही काळी राहते". मानेवर आणि काखेत दिसणारी ती जाड, मखमली काळपट त्वचा म्हणजे मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते. मुलाचं वजन ७१ किलो. मी विचारलं, "खेळतोस का?" तो म्हणाला, "आधी खेळायचो. आता वॉचमन हाकलतो."

मी वीस-बावीस वर्षांपूर्वी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा या वयात ही मान क्वचित दिसायची. आता आठवड्याला एखादी दिसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या बहुतेकांचा आजार कळला मोठेपणी, पण त्याची वाट बऱ्याचदा लहानपणीच सुरू झालेली असते.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगातल्या अकरा ते सतरा वयोगटातल्या पाचांपैकी चार मुलांना ती मिळत नाही. शाळेतला पीटीचा तास आठवड्यातून एकदोनदा असतो, आणि तोही गणिताच्या बाई मागून घेतात.

प्रश्न फक्त वजनाचा नाही. हाडांची मजबुती विशीपर्यंतच साठवली जाते, पुढे आयुष्यभर आपण ती खर्च करतो. ती साठते धावण्याने आणि उड्या मारण्याने. डोळ्यांचंही तसंच आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज फक्त ४० मिनिटं जास्त उघड्यावर ठेवलं. तीन वर्षांनी इतर मुलांपैकी जवळजवळ ४० टक्के मुलांना लांबचा चष्मा लागण्याची सुरुवात झाली होती, या मुलांमध्ये हे प्रमाण ३० टक्के होतं. कुठलंही औषध न देता. फक्त उजेडात सोडून.

आणखी एक गोष्ट पाहा. मैदान बंद झालं की मुलगे रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये खेळतात आणि गाडीखाली येण्याचा धोका पत्करतात. मुली घरी जातात. मग त्या पुन्हा खाली येत नाहीत. बंदीच्या पाटीवर मुलींचा उल्लेख नसतो, पण पहिली बंदी त्यांच्यावरच लागते.

"मग अ‍ॅकॅडमीत घाला" असं लोक सहज म्हणतात. महिन्याचे दोन-तीन हजार रुपये प्रत्येकाच्या खिशात नसतात. घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलालाही इन्सुलिन आणि हाडं असतात.

मग रहिवाशांचं ऐकायचंच नाही का?

ऐकायचं. नीट ऐकायचं.

वय वाढतं तसं ऐकू कमी येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातली एक गंमत कमी लोकांना माहीत आहे. आतल्या कानाच्या पेशी झिजल्या की हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम नको इतका मोठा वाटतो. मधली पायरीच नाहीशी होते. म्हणून जे आजोबा "जरा मोठ्याने बोल" म्हणतात, तेच दोन मिनिटांनी "ओरडतोस कशाला" म्हणतात. मुलांची किंचाळी त्यांना खरंच टोचते. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्यासाठी उपाय आहे तो कानाची तपासणी आणि गरज असेल तर योग्य यंत्र.

रात्रपाळी करून दुपारी झोपणारी नर्स, नुकतीच बाळंत झालेली मुलगी, पक्षाघातानंतर घरी आलेला रुग्ण, मायग्रेनवाले, यांनाही शांततेचा हक्क आहे. खिडकीवर आदळणारा चेंडू आणि कानावर पडणाऱ्या शिव्या कुणीही मुकाट्याने सोसाव्यात, असं मी म्हणणार नाही. शिवाय ज्या आवाजावर आपलं काहीच नियंत्रण नाही, तो जास्त छळतो. तो सात वाजता थांबणार हे माहीत असेल, तर तोच आवाज निम्मा त्रास देतो.

म्हणून बंदी नको, वेळापत्रक हवं. डॉक्टर म्हणून मी हे लिहून देतो:

१. दुपारी एक ते चार मैदान शांत. संध्याकाळी साडेसातनंतर चेंडूचे खेळ बंद. रोज, न चुकता. हे मुलांनीही पाळायचं.

२. स्पीकर, कॉमेंट्री, शिट्ट्या आणि फटाके कायमचे बंद. बंदीची पाटी लावायचीच असेल तर ही लावा.

३. सीझनचा चेंडू नको, टेनिसचा किंवा रबरी चेंडू. घरांच्या बाजूला जाळी. जाळीचा खर्च सोसायटीने करावा. एका लग्नातल्या फटाक्यांपेक्षा तो कमीच येतो.

४. गोलपोस्ट आणि स्टंप इमारतीपासून लांब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. भिंतीला लावलेला बास्केटबॉलचा बोर्ड आधी हलवा, कारण तो धपधप आवाज सगळ्या इमारतीत घुमतो.

५. सार्वजनिक मैदानावर पैसे घेऊन चालणाऱ्या क्लासना ठरावीक तासच. उरलेले तास फुकट खेळणाऱ्यांचे.

६. घरात कुणी आजारी असेल तर खाली जाऊन मुलांना सांगा. वॉचमनला नको, मुलांना.

आणि ज्यांना वाटतं की आपलं बीपी मुलांमुळेच वाढतं, त्यांनी सात दिवस घरीच मोजून पाहावं. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंडावरच्या मशीनवर. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. वेळेसकट वहीत लिहा आणि वही घेऊन या. सकाळीही बीपी जास्तच असेल, तर दोष मुलांचा नाही. मीठ, वजन, घोरणं किंवा मध्येच सोडलेली गोळी, असं काहीतरी सापडेल. ते सापडलं की उपचार करता येतील. मुलांना हाकलून मात्र तुमचं बीपी उतरणार नाही.

सहाव्या मुद्द्याबद्दल थोडं सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका कॅन्सरच्या पेशंटचे शेवटचे दिवस घरीच चालले होते, अगदी मैदानालगतच्या तळमजल्यावर. त्यांच्या पत्नीने मुलांना बोलावून एवढंच सांगितलं, "काका खूप आजारी आहेत रे." मुलांनी पिच उचललं आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. तीन आठवडे कुणी मोठ्याने अपील केलं नाही. एके दिवशी काकांनीच पत्नीला विचारलं, "पोरं येत नाहीत का हल्ली? आवाज नाही." तिने खिडकी उघडून त्यांना लांबवर चाललेला खेळ दाखवला.

ते दोघं ज्येष्ठ अजून माझ्यावर रागावलेले आहेत. पुढच्या महिन्यात तपासणीला येतीलच. तोवर हे वेळापत्रक मी छापून ठेवलं आहे, आणि त्यावर सही आणि शिक्का दोन्ही केले आहेत. महापालिकेकडे अर्ज न्यायचाच असेल, तर हा घेऊन जा.