उत्सव चालतो, अभ्यास का खुपतो?

अमेरिकेत दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ‘हिस्पॅनिक वारसा महिना’ पाळला जातो. १९६८ साली तो आठवडा होता, १९८८ साली महिना झाला. शाळांमध्ये गाणी, नाच, खाद्यपदार्थ यांची रेलचेल असते. याला फारसा विरोध होत नाही. खरा विरोध होतो तो हाच इतिहास वर्गात गंभीरपणे शिकवला जातो तेव्हा.

ॲरिझोनातल्या टूसॉन शहराचं उदाहरण पाहा. तिथल्या सरकारी शाळांत मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचे वर्ग चालत. २०१० साली राज्याने कायदाच केला: एखाद्या वांशिक गटासाठी आखलेले, वंश वा वर्गाविरुद्ध रोष वाढवणारे, वांशिक एकजूट शिकवणारे वर्ग चालणार नाहीत. अनुदान कापण्याच्या धाकाने जानेवारी २०१२ मध्ये ते वर्ग बंद झाले. पाउलो फ्रेरी यांच्या ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’सकट काही पुस्तकं वर्गांतून उचलली गेली. ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी आकडेवारी तपासली, तेव्हा या वर्गांतली मुलं शालान्त शिक्षण पूर्ण करण्यात आणि राज्याच्या परीक्षेत सरस दिसली. २०१७ साली न्यायालयानेही या बंदीमागे वांशिक आकस असल्याचा निर्वाळा दिला.

‘तुम्ही द्वेष पसरवता’ हा आरोप आपल्या ओळखीचा आहे. अन्याय करणाऱ्यावर तो होत नाही, अन्यायाचं नाव घेणाऱ्यावर होतो. आपल्या कॉलेजांतही १४ एप्रिलला हार-फुलं असतात, भाषणं असतात. पण ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ किती विभागांत सक्तीचं वाचन आहे?

टूसॉनच्या धड्याला दुसरी बाजूही आहे. ‘हिस्पॅनिक’ या शब्दाचं मूळ स्पेनमध्ये, म्हणजे वसाहत करणाऱ्यांच्या देशात आहे. त्यांच्या ‘कास्ता’ उतरंडीत मूलनिवासी आणि आफ्रिकी वंशाचे लोक तळाशी होते. ‘आपला वारसा’ म्हणताना ही उतरंड झाकली, तर मुलांच्या हाती अर्धंच सत्य पडतं. ‘बहुजन’ म्हणताना आपल्यालाही भटके-विमुक्त, आदिवासी आणि बाया कुठे आहेत, हे विचारावं लागेल.

घरातले पहिले पदवीधर म्हणून आपल्यापैकी अनेकजण आता शिकवू लागले आहेत, काही अभ्यास मंडळांवरही जातील. तिथे जयंतीच्या कार्यक्रमावर समाधान मानू नका. श्रेयांक असलेला, परीक्षेत प्रश्न येणारा विषय मागा.