घासण्याआधी वाचा

खंडेनवमी जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून शस्त्रं खाली उतरतात. तलवार, कट्यार, कुठं एखादी संगीन. पूर्वी त्यांना चिंच आणि राख लागायची, आता पॉलिशपेपर लागतो. एखादा हौशी नातू तर थेट ग्राइंडर चालवतो. पातं लखलखतं, हळदकुंकू वाहिलं जातं, आणि मुठीलगत दोन बोटांच्या जागेत ठोकलेली अक्षरं कायमची जातात. हे थांबलं पाहिजे. त्या हत्याराचा दाखला म्हणून तेवढाच मजकूर असतो.

ली-एनफिल्ड रायफलीची संगीन घ्या. १९०७ च्या नमुन्याची, १७ इंच पात्याची. मुठीलगत एका बाजूला मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं आणि १९०७ हा आकडा. बहुतेक जण हेच बनावटीचं साल धरतात, आणि तिथंच फसतात. ते नमुन्याचं साल आहे. खरी तारीख त्याखाली असते: आधी महिना, मग सालाचे शेवटचे दोन आकडे. ८ आणि १७ दिसले, तर ऑगस्ट १९१७. सोबत कारखानदाराचं नाव. विल्किन्सन म्हणजे लंडन, सँडरसन किंवा चॅपमन म्हणजे शेफिल्ड, आणि आर. एफ. आय. ही अक्षरं असली तर संगीन बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात घडलेली. आता पातं उलटं करा. बाण ही सरकारी मालकीची खूण. बाणाखाली आय असला तर मालक हिंदुस्थान सरकार. फुली म्हणजे पातं वाकवून घेतलेल्या परीक्षेत ते टिकलं. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असले, तर ती सरकारी खात्यातून रीतसर विकून बाहेर पडली.

आपल्या भागात याचं महत्त्व अधिक, कारण इथल्या जुन्या संगिनीला हमखास एकच गोष्ट चिकटते: ‘रझाकाराची आहे.’ असेलही. पण मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, ही हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची जुनी छावणी. सप्टेंबर १९४८ मध्ये तिथंच निजामाच्या गोवळकोंडा लान्सर्सनी जुजबी प्रतिकार करून भारतीय फौजेपुढं शस्त्रं ठेवली. त्याच वर्षी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी विमानांनी चोरून शस्त्रं आणत होता. शिवाय फौजेतून परतलेल्या पणजोबांची ट्रंक आहे, आठवडी बाजारातला भंगारवाला आहे. इतक्या वाटांनी संगीन घरात येऊ शकते.

ठसा १९४२ चा निघाला, तर पणजोबांनी ती पहिल्या महायुद्धात बसऱ्याला नेली होती, ही गोष्ट तिथंच संपते. १९१७ चा निघाला, तर मात्र घाई नको. फौजेतली हत्यारं तीस-तीस वर्षं हातोहात फिरत. ती कुठं आणि केव्हा घडली एवढंच ठसा सांगतो. ती घरात कुणी आणली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच विचारावं लागेल, आणि १९४८ साली दहा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीकडे झुकली आहेत.

म्हणून गंज दिसला तर मऊ फडक्यानं मशीनचं हलकं तेल लावा, घासू नका. दोन्ही बाजूंचे, मुठीच्या टोकाचे आणि म्यानाचे फोटो उजेड तिरका पाडून काढा. अंधूक अक्षरं तशीच उठून दिसतात. नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात, तेव्हा परवान्याचं काय ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आणि १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाच्या प्रदर्शनात कुणी अशी संगीन मांडणार असेल, तर चिठ्ठीवर नुसतं ‘रझाकारांचे शस्त्र’ लिहू नये. ठशात काय आहे ते लिहावं, आणि त्याखाली ती कुणाच्या घरातून आली आणि त्या घरात काय सांगतात, तेही.