खेळाडू विद्यार्थी आणि त्यांचे हितचिंतक

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशांची घाई सुरू झाली, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या शहरांतील काही घरांकडे अचानक पाहुण्यांची रीघ लागते. त्या घरातल्या मुलाने गुणवत्ता यादीत नाव झळकवलेले असते असे नव्हे. त्याने कबड्डीच्या चढायांत प्रतिपक्षाला जेरीस आणलेले असते, किंवा एखाद्या मुलीने खो-खोच्या मैदानावर आपले नाव गाजवलेले असते. येणारा पाहुणा कधी एखाद्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी असतो, कधी देणगीदार, कधी नगरसेवक, कधी एखाद्या मंडळाचा आधारस्तंभ. “मुलाचे नाव अमुक कॉलेजात घाला, फीची चिंता आमच्यावर सोडा,” असे तो सांगतो. बोलण्याच्या ओघात बूट, खुराक, मोटारसायकल आणि पुढे केव्हातरी नोकरी, ह्यांचाही उल्लेख होतो. कागदावर मात्र काहीच येत नाही.

कोणत्याही एका महाविद्यालयाकडे किंवा व्यक्तीकडे बोट दाखवण्याचा आमचा हेतू नाही. ही रीत एका गावची नव्हे आणि आजची तर मुळीच नव्हे. परंतु ती इतकी अंगवळणी पडली आहे, की तीत काही विचार करण्यासारखे आहे हेच आम्ही विसरलो आहोत. खेळाडू विद्यार्थ्याला बाहेरच्या माणसाने काय द्यावे, केव्हा द्यावे, कोणाच्या साक्षीने द्यावे आणि त्याच्या बदल्यात काय मागू नये, ह्याविषयी आपल्याकडे लिखित आचारसंहिता असली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथमच हे सांगितले पाहिजे, की दातृत्व हा ह्या परिसराचा दोष नसून भूषण आहे. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. निर्वासित म्हणून आलेल्या ह्या माणसांनी व्यापार उभा केला, तशा शाळा आणि महाविद्यालयेही उभी केली. अंबरनाथला कारखानदारीची परंपरा आहे. बदलापूर लोकलगाडीच्या आधाराने वाढले आणि तेथे नोकरदार मध्यमवर्गाने वस्ती केली. तिन्ही ठिकाणी व्यायामशाळा, क्रीडामंडळे आणि गोविंदा पथके चालतात ती बहुतांशी स्थानिकांच्या वर्गणीवर व देणगीवर. हा हात आखडला जावा असे कोण म्हणेल?

मराठी माणसाला तर खेळाडूच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या दात्याचे एक उदाहरण पाठच असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैशांची पुन्हा चणचण पडली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर ह्यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी त्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. खर्डेकरांच्या त्या पैशाला एकही अट नव्हती.  आणि दिला गेला तोही चोरून नव्हे, साऱ्या गावाच्या देखत. मदत आणि खरेदी ह्यांतील फरक रकमेच्या आकड्यात नसतो, तो ह्या दोन गोष्टींत असतो.

आता ह्या कसोटीला आजची रीत लावून पाहावी. पाहुण्याने भरलेली फी ही मुलाच्या शिक्षणासाठी असती, तर तो मुलगा संघात राहो वा न राहो, ती तीन वर्षे भरली गेली असती. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला, की हितचिंतकाचा दूरध्वनी लागेनासा होतो. शस्त्रक्रियेचा खर्च बापाच्या माथी येतो आणि पुढच्या सत्राची फी कोणी भरायची, हा प्रश्न घरात उभा राहतो. मुलगा धडधाकट असला तरी त्याचा वेळ त्याचा राहत नाही. उपकारकर्त्याच्या मंडळाची स्पर्धा असेल त्या दिवशी व्याख्यान बुडते. प्रसंगी परीक्षाही बुडते. निवडणूक आली म्हणजे फलकावर त्याचे छायाचित्र झळकते, आणि ते लावण्यापूर्वी त्याला विचारण्याची गरज कोणास भासत नाही. आभाराचे ओझे असे, की ‘नाही’ म्हणण्याची सोय उरत नाही. विसाव्या-बाविसाव्या वर्षी हा मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हाती कपाटभर ढाली असतात आणि पदवी नसते. आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणातील खरे नुकसान हेच होय.

व्यावसायिक खेळात पैसा नाही काय, असे कोणी विचारील. आहे, आणि असावा. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली आणि २०१८ च्या लिलावात काही खेळाडूंवरील बोली एक कोटी रुपयांपलीकडे गेली. परंतु ती बोली सर्वांच्या समक्ष लागते, करार लेखी होतो, आणि आपण काय विकले व काय राखले हे खेळाडूला ठाऊक असते. महाविद्यालयीन खेळाडूच्या बाबतीत बोली लागते, पण ती अंधारात. आणि करार होतो, पण तो एका बाजूलाच बांधून ठेवतो.

हा अंधार अलीकडे अधिक दाट होण्याचे कारणही लक्षात घेतले पाहिजे. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि शालान्त परीक्षांत क्रीडागुणांची सवलत आहे. २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांनाही आरक्षणाचा लाभ देण्याची घोषणा झाली. ह्या सवलतींमागील हेतू चांगला आहे. तथापि त्यामुळे संघातील एका जागेला आणि प्रमाणपत्राच्या एका कागदाला बाजारभाव आला, हेही खोटे नव्हे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आलीच आहेत. जेथे कागदाला भाव येतो तेथे मध्यस्थ जन्मतो, आणि तो नेहमी हितचिंतकाच्या वेषातच येतो.

ह्या प्रश्नावर सर्वांत दीर्घ अनुभव आहे तो अमेरिकेचा. तेथे महाविद्यालयीन खेळ हा प्रचंड व्यवसाय आहे, आणि संघांच्या धनिक पाठीराख्यांसाठी तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने तपशीलवार नियम केले. पाठीराख्याने होतकरू खेळाडूची भेट घेऊन त्याला आपल्या महाविद्यालयाकडे वळवायचे नाही. इतर विद्यार्थ्यांना मिळत नाही अशी कोणतीही सवलत खेळाडूला द्यायची नाही. आणि एकदा पाठीराखा ठरलेला माणूस कायमचा पाठीराखा समजला जाईल, इतका हा बंदोबस्त कडक होता. १९८७ साली टेक्सासमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा फुटबॉलचा संपूर्ण हंगाम रद्द करण्यात आला, कारण पाठीराख्यांचा पैसा खेळाडूंना गुपचूप पोहोचत होता आणि हे विद्यापीठाच्या धुरीणांना ठाऊक होते. त्या धुरीणांपैकी एक गृहस्थ तेव्हा राज्याच्या गव्हर्नरपदी होते. पण शिक्षा भोगली कोणी? ज्यांनी एक पैसाही घेतला नव्हता त्या खेळाडूंनाही दुसरे विद्यापीठ शोधावे लागले.

ह्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. विद्यापीठे खेळाच्या प्रक्षेपणातून अब्जावधी डॉलर कमावीत होती, प्रशिक्षक गडगंज होत होते, आणि खेळाडूने मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घेतले तर तो अपराधी ठरत होता. हा दांभिकपणा टिकणारा नव्हता. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील मर्यादेच्या प्रश्नावर एकमताने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे आता आपल्या उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देऊ शकतात, आणि बाहेरच्या माणसाशी झालेला सहाशे डॉलरांहून मोठा करार खेळाडूने जाहीर करावा लागतो. म्हणजे शंभर वर्षे ‘देऊ नका’ असे सांगून थकल्यावर अमेरिका ‘द्या, पण दाखवून द्या’ ह्या मुक्कामाला आली. आपण तो सारा वळसा घालण्याचे कारण नाही.

आपल्याकडील कायद्याची स्थिती पाहिली तर एक विसंगती नजरेत भरते. विद्यार्थ्याकडून संस्थेने देणगी उकळू नये म्हणून महाराष्ट्राने १९८७ सालीच कायदा केला. परंतु संस्थेच्या नावाने बाहेरच्या माणसाने विद्यार्थ्याला पैसा चारू नये, ह्याकडे कोणी पाहिले नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धांचे पात्रतेचे नियम विद्यार्थ्याचे वय, प्रवेश आणि उत्तीर्णता ह्यांची चौकशी करतात. त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाची करीत नाहीत. वास्तविक साधने हाताशी आहेत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षणाचे मंडळ आणि प्रत्येक संलग्न महाविद्यालयात विकास समिती ह्यांची तरतूद केली आहे. मुंबई विद्यापीठाने ह्या मंडळामार्फत एक छोटी नियमावली काढावी. आणि ती निघेपर्यंत ह्या तीन शहरांतील महाविद्यालयांनी आपण होऊन ती पाळावी.

त्या नियमावलीत पाच गोष्टी असाव्यात. पहिली, प्रवेश निश्चित होईपर्यंत विद्यार्थ्याशी व पालकांशी बोलणी करण्याचा अधिकार फक्त प्राचार्यांना आणि क्रीडाशिक्षकांना असावा. देणगीदाराने त्या घराची पायरी चढू नये. दुसरी, रोख रक्कम, वाहन वा भ्रमणध्वनी परस्पर हाती देण्यास मनाई असावी. मदत द्यावयाची ती महाविद्यालयाच्या खेळाडू साहाय्य निधीत, पावती घेऊन. आणि दात्याचे नाव व रक्कम सूचनाफलकावर लागावी. तिसरी, एकदा मान्य केलेली मदत अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत चालू राहावी. दुखापत झाली, फॉर्म गेला किंवा मुलाने दुसऱ्या मंडळाकडून खेळायचे ठरवले, म्हणून ती तोडता येऊ नये. चौथी, परीक्षेच्या काळात कोणत्याही खाजगी स्पर्धेसाठी खेळाडूला बोलावू नये, आणि त्याचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवाचून, अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीवाचून, फलकावर लावू नये. पाचवी, नियमभंग झाल्यास पहिली शिक्षा दात्याला आणि महाविद्यालयाला व्हावी, खेळाडूला नव्हे. अठरा वर्षांच्या मुलाला मोहात पाडणाऱ्या प्रौढांनी बाजूला उभे राहून त्याची निलंबनाची नोटीस वाचावी, हा न्याय नव्हे.

ह्यामुळे गरीब मुलाच्या तोंडचा घास जाईल, असा आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ज्याच्या घरी दुधाचीही वानवा आहे त्याला निधी, समिती आणि पावत्या ह्यांची भाषा ऐकवणे सोपे आहे. म्हणूनच आम्ही मदतीवर बंदी मागत नाही. ती पक्की करा असे म्हणतो. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूला वर्षाला एक लाख वीस हजार रुपये किरकोळ खर्चासाठी मिळतात. ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर नियमाने. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या तरतुदीनुसार ग्रामीण व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावर उद्योगांना उजळ माथ्याने खर्च करता येतो. अंबरनाथच्या उद्योजकांनी तो मार्ग अवश्य अवलंबावा. निधीतून मदत मिळण्यास महिनोन्‌महिने लागत असतील, तर मुलगा पुन्हा पाहुण्याच्याच दारी जाईल. म्हणून पंधरा दिवसांत निर्णय देण्याचे बंधनही समितीवर असले पाहिजे.

खेळासाठी संस्था बदलणे हा गुन्हा आहे, असाही आमच्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. सचिन तेंडुलकर ह्यांनी रमाकांत आचरेकर ह्यांच्या सल्ल्यावरून वांद्र्याची शाळा सोडून दादरची शारदाश्रम शाळा धरली, आणि त्यात गैर काहीच नव्हते. तेथे ओढ होती ती गुरूची व मैदानाची. बदलापूरच्या मुलीने चांगला प्रशिक्षक आहे म्हणून उल्हासनगरचे महाविद्यालय निवडावे, ह्यासारखी चांगली गोष्ट नाही. तिने ते कोणाच्या तरी पाकिटासाठी निवडावे, एवढेच आम्हांस नको आहे.

पालकांना आमची एक विनंती आहे. पाहुणा दारी आला, म्हणजे त्याला पाणी द्यावे, चहा द्यावा आणि एकच प्रश्न विचारावा: “उद्या आमच्या मुलाचा पाय मोडला, तर त्याची पदवी पूर्ण होईपर्यंत फी कोण भरील? तेवढे लिहून द्याल काय?” जो लिहून देईल तो खर्डेकरांच्या परंपरेतला. जो घड्याळ पाहू लागेल त्याला दारापर्यंत पोहोचवून यावे.