गोंदणाची नोंद

पांढुर्णा म्हटले की आपणांस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आठवते आणि सौंसर म्हटले की संत्री. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा विदर्भ मुंबई राज्यात गेला, हे दोन मराठी तालुके मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. या मुलखातील एक ठेवा मात्र कोणत्याच दप्तरात चढलेला नाही. तो आहे म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर.

कपाळी टिकली, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, विंचू, सीतेचा पाळणा. दिव्याची काजळी खलून, तीनचार सुया एकत्र बांधून गोंदणारीण ती टोचीत असे व वरून हळद लावी. गोंडांकडे हे काम ओझा स्त्रियांचे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांची माहिती आहे. दागिना चोर नेईल, घरधनी गहाण टाकील, गोंदण तेवढे सरणापर्यंत सोबत येईल, ही त्यामागची समजूत. ज्या बाईच्या नावावर हातभर जमीन नव्हती तिची ही खरी मत्ता होय.

न्यूझीलंडातील माओरी लोकांत स्त्रिया हनुवटीवर ‘मोको’ गोंदवितात. त्या नक्षीत कुळाची ओळख असते. मिशनऱ्यांनी तिला नाके मुरडली. १९०७ च्या कायद्याने तर पारंपरिक जाणत्यांच्या विद्येवरच घाला घातला. तरीही ज्यांच्या चेहऱ्यावर ती उरली होती अशा वृद्धांकडून पुढच्यांनी ती पुन्हा मिळविली. हनुवटीवर मोको असलेल्या नानाया महुता २०२० साली त्या देशाच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या.

आपल्याकडे कोणी कायदा केला नव्हता. आपणच लाजलो. शिकलेल्या घरांनी गोंदणाला अडाणीपणा ठरविले आणि पणजीच्या हातावरची तुळस पदराआड गेली. (वाचकांनी घरातील जुनी छायाचित्रे जरा निरखून पाहावीत.) आता शहरातील मुले दुकानातून माओरी नक्षी उमटवून घेतात. हौसेला आमची ना नाही. परंतु माओरी लोक परक्यांसाठीच्या नक्षीला ‘किरितुही’ असे निराळे नाव देतात, कुळाचा मोको देत नाहीत, हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल? आणि आजीच्या हातावर काय होते, हे तरी?

छिंदवाड्यात १९५४ पासून आदिवासी संग्रहालय आहे. पांढुर्णा व सौंसर येथे महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन गावोगाव जावे. केवळ छायाचित्र पुरणार नाही. वयाबरोबर रेघा पसरतात, विंचवाची नांगी आणि तुळशीची फांदी सारखीच दिसू लागते. म्हणून नक्षीचे नाव, कोणी गोंदले, कितव्या वर्षी, मोबदल्यात किती धान्य दिले, हे त्या बाईच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. सुगीचे दिवस टाळावेत आणि आधी तिची परवानगी घ्यावी.