छोटा ट्रेलर घेताय? आधी धरमकाट्यावर जा

थंडी पडू लागली की भिलाईतल्या मराठी घरांमध्ये बेत शिजू लागतात. गंगरेलला जायचं की तांदुलाला? भोरमदेव की थेट चित्रकोट? तंबू, गाद्या, शेगडी, पाण्याचे कॅन, मुलांची सायकल... डिक्कीत काही मावत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ''गाडीमागे एक छोटा ट्रेलर जोडूया की!''

कल्पना छान आहे, पण आपल्या पोलादाच्या शहरात एक मोह हमखास होतो. फॅब्रिकेशनवाला ओळखीचाच असतो. आपण त्याला सांगतो, ''भाऊ, चांगला जाड पत्रा टाका, मजबूत झाला पाहिजे.'' चूक इथेच होते. ट्रेलर जड झाला म्हणजे सुरक्षित झाला असं नाही. जड ट्रेलर उतारावर तुमच्या गाडीला मागून ढकलतो.

जाड पत्र्याचा हिशेब

8 फूट लांब, 4 फूट रुंद ट्रेलरचा फक्त तळ धरा. 2 मिलिमीटर लोखंडी पत्र्याचं वजन सुमारे 47 किलो होतं, 3 मिलिमीटरचं 70 आणि 5 मिलिमीटरचं 117 किलो. म्हणजे नुसत्या तळातच 70 किलोंचा फरक पडतो. एक मोठा माणूस फुकट ओढत नेल्यासारखंच आहे हे! मजबुती हवी ती खालच्या सांगाड्याला, एक्सलला आणि गाडीला जोडणाऱ्या कपलिंगला. तिथे काटकसर करू नका. बाजू आणि झाकण हलकं असलं तरी चालतं.

गाडीची पुस्तिका उघडा

ट्रेलर ठरवण्याआधी तुमची गाडी किती वजन ओढू शकते ते पुस्तिकेत पाहा. ही मर्यादा ट्रेलर आणि सामान, दोन्ही मिळून असते. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय तिथेच संपवा आणि टपावर कॅरियर लावा.

कागदपत्रांचंही आधीच बघा. मोटार वाहन अधिनियम 1988 नुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते. म्हणून वर्कशॉपला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दुर्गच्या आरटीओत चौकशी करा. विमा कंपनीकडूनही ट्रेलर जोडल्यावर विमा लागू राहील का, हे लेखी घ्या.

आता काट्यावर चला

आपल्याकडे ट्रक तोलणारे धरमकाटे जागोजागी आहेत. सहलीचं सगळं सामान भरा आणि ट्रेलर तिथे तोलून घ्या. अंदाज नेहमी फसतो. 20 लिटरचे दोन कॅन म्हणजे 40 किलो. घरचा भरलेला गॅस सिलिंडर जवळपास 30 किलोंचा, म्हणून सहलीला 5 किलोवाला छोटा न्या आणि वाटेत त्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा.

दुसरं वजन घरीच करा. सपाट जागेवर चाकांना दगड लावा, ट्रेलरचं पुढचं तोंड गाडीच्या हुकाच्या उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा घ्या आणि तो वजनाच्या छोट्या काट्यावर ठेवून तोंड त्यावर टेकवा. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार तिथे यायला हवा. ट्रेलर 400 किलोंचा असेल तर 40 ते 60 किलो. हा भारही पुस्तिकेतल्या मर्यादेत बसला पाहिजे. कमी भरला तर जड सामान एक्सलच्या पुढे सरकवा. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो आणि गाडीलाही सोबत खेचतो.

रस्त्यावर उतरल्यावर

* निघण्यापूर्वी कपलिंगचं लॉक, सुरक्षा साखळ्या, टायरमधली हवा, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर तपासा. ट्रेलरचं स्टेपनी चाक विसरू नका.
* वेग कमी आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा.
* वळताना ट्रेलरची चाकं आतून जातात, म्हणून वळण थोडं मोठं घ्या.
* रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवा. हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलरचा मागचा भाग त्याच बाजूला जाईल. आधी मोकळ्या मैदानात सराव करा.
* ट्रेलर डोलू लागला तर जोरात ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि गाडी आपोआप मंदावू द्या.
* चालत्या ट्रेलरमध्ये मुलांना, कुणालाच, बसवू नका.

पहिल्याच सहलीला चित्रकोटचा हट्ट नको. त्या वाटेवर कांकेरच्या पुढे केशकाल घाट लागतो आणि तिथली वळणं नवख्याची परीक्षा घेतात. पहिल्यांदा धमतरीजवळच्या गंगरेलला जा. 20-25 किलोमीटर झाल्यावर थांबा, कपलिंग पाहा, चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन चटका बसण्याइतकं तापलंय का तेही पाहा. दोन-तीन सहली अशा नीट पार पडल्या की मग घाटाचा विचार करा, आणि तिथे उतारावर खालचा गिअर ठेवा.

ट्रेलर कितीही देखणा असला तरी तो ओढणार तुमची गाडी आणि गाडीत असणार तुमची मुलं. म्हणून रंग नंतर निवडा, वजन आधी करा.