बंदुकीची परीक्षा आणि हुकुमाची परीक्षा

नवी रायफल चांदमारीवर नेऊन तिची परीक्षा करावी आणि ती परीक्षेस उतरली म्हणजे वर्तमानपत्रांनीं तिचें वजन, तिचा पल्ला आणि तिच्या गोळ्यांचा वेग यांचें वर्णन मोठ्या चवीनें छापावें, हा प्रकार आतां आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. आमच्या सुशिक्षित घरांतून हीं वर्णनें कौतुकानें वाचलीं जातात, हेंही आम्ही जाणतों. त्या कौतुकास आमचा सरसकट विरोध नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें पुण्याच्या पाषाण येथील सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेनें ‘उग्रम’ नांवाची रायफल लोकांपुढें मांडली, तेव्हां ती आपल्याच माणसांनीं, आपल्याच शहरांत आंखली याचा अभिमान आम्हांसही वाटला. चार किलोहून कमी वजन, सुमारें पांचशें मीटरांचा पल्ला, वीस गोळ्यांची पेटी. शिपायाच्या खांद्यास हलकी आणि शत्रूस जड. परंतु त्याच बातमींत आणखी एक गोष्ट होती, ती बहुतेकांनीं वाचून न वाचल्यासारखी केली. ही रायफल सैन्यासाठीं व निमलष्करी दलांसाठीं तर आहेच, पण राज्यांच्या पोलिसांसाठींही आहे. आमचा वाद आहे तो या शेवटल्या शब्दांशीं.

अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण जी वस्तु आपण वाखाणतों ती चालते कशी, याची विचारपूस करण्याची आपणांस संवय नाहीं. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलींत प्रत्येक गोळीनंतर शिपायास उजवा हात चापावरून काढून बोल्ट उचलावा, मागें ओढावा व पुन्हां पुढें ढकलावा लागे. तेव्हां कोठें रिकामी पुंगळी बाहेर पडून नवें काडतूस जागेवर बसे. नव्या जातीच्या रायफलींत हें काम दारूच्या धुराकडूनच करवून घेतात. गोळीमागून येणारा थोडा वायु नळीच्या एका छिद्रांतून वळवून दट्ट्यावर सोडलेला असतो. दट्ट्या बोल्टास मागें रेटतो, पुंगळी फेंकली जाते, स्प्रिंग बोल्टास पुढें आणते, आणि नवें काडतूस तयार होतें. शिपायानें एवढेंच करावयाचें कीं चाप सोडावा व पुन्हां ओढावा. एका ओढीस एक गोळी. अमेरिकेनें १९३६ सालीं आपल्या सैन्यास दिलेली गॅरंड रायफल याच जातीची, आणि चीनशीं झालेल्या १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्यांतून आपल्या जवानांच्या हातीं आलेली एस.एल.आर.ही याच जातीची. चाप दाबून धरला असतां गोळ्यांची सर चालू ठेवणारी बंदूक ती याहून निराळी. ‘उग्रम’ला हे दोन्ही प्रकार साधतात.

चांदमारीवर या यंत्राची जी परीक्षा होते ती खरोखरच कडक असते. तिला वाळूंत लोळवितात, चिखलांत बुडवितात, गोठवितात, तापवितात, उंचावरून टाकतात. आणि मग शेंकडों गोळ्या झाडून ती कितीदां अडकली याची नोंद ठेवतात. कागदी लक्ष्यावरील छिद्रें पट्टीनें मोजतात. किती काडतुसें दिलीं, किती झडलीं, किती परत आलीं याचा हिशेब जुळावा लागतो. झडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी देखील गवतांत शोधून मोजून परत करावी लागते. या परीक्षेंत जी रायफल नापास होते तिची कोणी गय करीत नाहीं. दोन प्रकारचीं काडतुसें झाडूं शकणाऱ्या परदेशी रायफलींची २०११ पासून चाललेली खरेदी सरकारनें जून २०१५ मध्यें रद्दच केली, कारण समोर आलेल्या रायफली कसोटीस उतरल्या नाहींत. कारगिलच्या थंडींत १९९९ सालीं इन्सास रायफलीच्या काडतूसपेट्या तडकल्या, तर त्या दोषाची चर्चा देशभर झाली आणि ती व्हावयासच हवी होती.

हा झाला बंदुकीचा न्याय. बंदूक ज्या हुकुमानें झडते त्या हुकुमाची परीक्षा कोणत्या चांदमारीवर होते, असें आम्ही विचारतों. आणि हा प्रश्न हवेंत विचारावयाचा नसेल तर तो डहाणू-तलासरीस जाऊन विचारला पाहिजे.

डहाणू आणि तलासरी हे आजच्या पालघर जिल्ह्याचे, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या ठाणें जिल्ह्याचे, उत्तरेकडील तालुके. आमच्या वाचकांस डहाणू ठाऊक आहे तें चिकूसाठीं, बोर्डीच्या सुरूच्या बनासाठीं, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस आरंभलेल्या बालशिक्षणाच्या कार्यासाठीं. वारली तर आतां आमच्या दिवाणखान्यांतच येऊन बसला आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं जगभर पोंचविलेली ती तांदळाच्या पिठाची चित्रकला आज पडद्यांवर, चहाच्या कपांवर आणि लग्नपत्रिकांवर छापली जाते. तारप्याभोवतीं फेर धरणाऱ्या त्या त्रिकोणी माणसांवर, ताराबाईंनीं बोर्डीस मुलें जमविलीं त्याच सालीं, गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, ही हकीकत मात्र पडद्यांवरून कळत नाहीं.

ती हकीकत अशी. या पट्ट्यांतील जमीन सावकार-जमीनदारांनीं गिळली होती आणि वारली आपल्याच बापजाद्यांच्या शेतांत कूळ, नाहींतर वेठबिगार होऊन राहिला होता. लग्नासाठीं घेतलेल्या थोड्या पैशांपायीं नवराबायको दोघांनीं जन्मभर मालकाच्या घरीं राबावें, याला ‘लग्नगडी’ असें गोंडस नांव होतें. हें कांहीं चळवळ्यांनीं उठविलेलें कुभांड नव्हे. मुंबई सरकारच्याच सिमिंग्टन नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें १९३८ च्या सुमारास चौकशी करून हा जुलूम आपल्या अहवालांत लिहून ठेवला होता. अहवाल दप्तरांत गेला आणि वेठ शेतांत चालूच राहिली. पुढें मे १९४५ मध्यें झरी येथें शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेनें परिषद भरविली. वेठ करावयाची नाहीं, एवढें तेथें वारल्यांनीं ठरविलें, आणि सरकारी अहवालास सात वर्षांत जें साधलें नव्हतें तें त्यांनीं कांहीं महिन्यांत साधून दाखविलें. तदनंतर गवतकापणीचा हंगाम आला. मजुरी वाढवून मिळाल्याखेरीज कोयता उचलावयाचा नाहीं, असा संप झाला. आणि १० ऑक्टोबर १९४५ या दिवशीं तलवाडा येथें हजारोंचा जमाव जमला. गोदावरीबाई तेथें येणार आहेत, त्यांच्या जिवास धोका आहे, अशी आवई उठविली गेली होती. गोदावरीबाई तेथें नव्हत्याच. पोलिसांनीं त्या जमावावर गोळीबार केला. पांच वारली मेले. त्यांतल्या जेठ्या गांगडाचें नांव त्या भागांत अद्याप घेतलें जातें, आणि १० ऑक्टोबरला तलासरीस हुतात्म्यांचें स्मरण होतें. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथास १९७२ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यामुळें पुस्तकाचें नांव तरी आमच्या घरांत पोंचलें आहे. आंतील मजकूर किती घरांत पोंचला, याविषयीं आम्हांस शंका आहे.

आतां चांदमारीची ती हिशेबवही पुन्हां डोळ्यांपुढें आणा. कागदी लक्ष्यावर झाडलेल्या गोळीचा जेवढा हिशेब ठेवतात, तेवढा तलवाड्याच्या गोळ्यांचा ठेवून त्या पांच घरांस कोणी वाचून दाखविला काय? हुकूम कोणीं दिला, कां दिला, त्यापूर्वीं दुसरे कोणते उपाय केले, याचा जाब कोणीं मागितला? हद्दपारीचा हुकूम निघाला तो परुळेकर पतिपत्नींवर!

आमच्या कित्येक मित्रांचें यावर म्हणणें असें कीं, तें राज्य परक्यांचें होतें. त्याचें खापर आजच्या रायफलीवर कां फोडतां? त्यांनीं कायद्याचें पुस्तक उघडून पाहावें. जमाव पांगविण्याचा अधिकार देणारीं आणि तो अधिकार बजावणाऱ्यावर सरकारच्या परवानगीवांचून खटला भरूं न देणारीं कलमें १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत होतीं. तीं १९७३ च्या संहितेंत आलीं. आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तीं १४८ पासून १५१ पर्यंतचे आंकडे धारण करून जशींच्या तशीं बसलीं आहेत. राज्य बदललें, संहितेचें नांव बदललें, भाषा बदलली; ज्याच्या हुकुमानें गोळी सुटते त्यास कोर्टांत उभें करण्यापूर्वीं सरकारची संमति आणावी, ही अट तेवढी हललेली नाहीं. रायफल अडकली तर तिची खरेदी रद्द होते, आणि हुकूम चुकला तर त्याची विचारणा करण्यास हुकूम देणाऱ्याच्या धन्याची परवानगी लागते! या व्यवस्थेस परकी म्हणावें कीं स्वकीय, तें आमच्या मित्रांनींच सांगावें.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत समुद्रमार्गें आलेल्या मारेकऱ्यांच्या हातांत ए.के.-४७ होत्या आणि आमच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवरील पोलिसांच्या हातांत थ्री-नॉट-थ्री व काठ्या होत्या. तुकाराम ओंबळे यांनीं गिरगांव चौपाटीवर नुसत्या हातांनीं शत्रूच्या बंदुकीची नळी धरली व आपला देह चाळणी करून घेतला. त्यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळालें तें योग्यच झालें. पण ज्या राज्यास आपल्या शिपायाच्या मुठींत बंदुकीऐवजीं छातीच द्यावी लागते, त्यानें त्या पदकाबरोबर थोडी लाजही बाळगावी. तेव्हां अशा शत्रूपुढें उभ्या राहणाऱ्या पथकास उत्तमांतील उत्तम रायफल द्या, भरपूर काडतुसें द्या, आणि मुख्य म्हणजे वर्षभर चांदमारीचा सराव द्या. डहाणूचा किनारा मोकळा आहे आणि शेजारीं तारापूरची अणुभट्टी आहे. तेथील सागरी पोलिसांस नवें शस्त्र हवें, हें आम्ही दोन्ही हात वर करून मान्य करतों. मात्र समुद्रावरून येणाऱ्या शत्रूसाठीं घेतलेली रायफल मोजणीदाराबरोबर पाड्यावर जाणाऱ्या तुकडीच्या खांद्यावर कां असावी, याचें उत्तर २६ नोव्हेंबरच्या रात्रींत मिळत नाहीं.

कोणी गडचिंचल्याचें नांव घेईल. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, टाळेबंदींत, डहाणू तालुक्यांतल्या त्या गांवीं, मुलें पळविणाऱ्या टोळीच्या अफवेनें पिसाळलेल्या जमावानें दोन साधू व त्यांचा मोटारचालक यांस ठेंचून मारलें. पोलीस तेथें हजर होते. तें कृत्य अमानुष होतें आणि वारल्यांच्या जुन्या दुःखाचा आधार देऊन त्याचें समर्थन करणारा माणूस वारल्यांचाच शत्रु समजावा. पण ‘तेथें जलद रायफल असती तर!’ हा उद्गार ऐकला म्हणजे आम्हांस आश्चर्य वाटतें. अंधारांत शेंकडोंचा जमाव, मध्यें तीन निरपराध माणसें आणि त्यांना लागून पोलीस. अशा गर्दींत भराभर सुटणारी गोळी प्रथम कोणास लागली असती? त्या रात्रीच्या आधींच या भागांत अफवेपायीं एका डॉक्टरांच्या गाडीवर हल्ला झाला होता. वाघ गांवांत शिरण्यापूर्वीं डरकाळी ऐकूं आली होती. त्या दिवसांत पाड्यापाड्यांवर जाऊन, त्यांच्याच बोलींत, त्यांचा विश्वास असलेल्या माणसांच्या तोंडून ‘हें खोटें आहे’ असें सांगविण्यास कोणतें शस्त्र लागत होतें? १९४५ सालीं तलवाड्यास माणसें जमविलीं तीं आवईनें, आणि २०२० सालीं गडचिंचल्यास जमविलीं तींही आवईनेंच. मधल्या पंचाहत्तर वर्षांत सरकारच्या शब्दावर वारल्याचा विश्वास बसला नाहीं, हा दोष चांदमारीवर दुरुस्त होण्यासारखा नव्हे.

जुन्या रायफलीच्या बाजूनें एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तिचा बोल्ट मागेंपुढें करण्यास जो क्षण लागे, तेवढ्यांत ‘थांबा’ हा शब्द उच्चारतां येत होता, आणि शिपायास समोरचा माणूस पुन्हां एकदां दिसत होता. तलवाड्यास तो क्षण मिळूनही पांच माणसें मेलीं, हें खरें. म्हणून आम्ही त्या क्षणाची पूजा बांधीत नाहीं. पण नव्या यंत्रानें तो क्षणही काढून घेतला आहे. त्याच्या जागीं कांहीं तरी बसविलें पाहिजे, आणि तें बंदुकीच्या आंत बसविण्याजोगें नसल्यामुळें हुकुमांतच बसविलें पाहिजे.

हा वाद निव्वळ इतिहासाचा असता तर आम्ही एवढी शाई खर्चिली नसती. डहाणू तालुक्यांतील वाढवण येथें सुमारें ७६,००० कोटि रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्यास वर्षानुवर्षें विरोध आहे. मुंबई-अहमदाबाद जलदगति रेल्वेचा मार्ग याच तालुक्यांतून गेला आहे, आणि तिच्या भूसंपादनासही आदिवासींनीं विरोध केला. बंदर हवें कीं नको, यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. परंतु मोजणी येईल, रस्ता येईल, भराव येईल, आणि प्रत्येकाबरोबर बंदोबस्त येईल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणून आम्ही सरकारपाशीं जें मागतों तें आतांच, पहिली गोळी सुटण्यापूर्वीं, मागतों. जमिनीच्या, मजुरीच्या अगर विस्थापनाच्या तंट्यांत बंदोबस्तास जाणाऱ्या तुकडीबरोबर अर्धस्वयंचलित वा स्वयंचलित रायफल देऊं नये. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्यानें आपलें नांव, वेळ व कारण त्याच दिवशीं लेखीं नोंदवावें. चांदमारीप्रमाणेंच प्रत्येक काडतुसाचा हिशेब व्हावा आणि तो हिशेब, मराठींत, मृताच्या घरच्यांच्या हातीं द्यावा. प्रत्येक गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होऊन तिचा अहवाल ठरलेल्या मुदतींत विधानसभेपुढें यावा; सिमिंग्टनच्या अहवालाच्या शेजारीं दप्तरांत जाऊं नये. आणि संहितेंतील १५१ व्या कलमांतली ती संमतीची अट, निदान पोलिसांच्या गोळीनें माणूस मेला असेल तेथें, काढून टाकावी. पुढल्या खेपेस आमच्या आमदार-खासदारांस नव्या रायफलीची चांचणी पाहण्यास चांदमारीवर बोलाविलें जाईल, तेव्हां त्यांनीं पल्ला आणि वजन विचारून झाल्यावर तिच्याबरोबर येणाऱ्या हुकुमाच्या नियमांची प्रतही मागून घ्यावी.