यादीत नाव कोणाचे?

आठवीत असताना तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेसाठी आमच्या शाळेचा संघ निवडला गेला. चार वाजता चाचणी होती. आम्ही पोट्टे साडेतीनलाच कंबर कसून मैदानावर हजर! चार वाजता सरांनी खिशातून एक कागद काढला, बारा नावे वाचून दाखविली आणि बाकीच्यांना घरी जायला सांगितले. चाचणी झालीच नाही. माझे नाव यादीत नव्हते, याचे दुःख चार दिवसांत ओसरले. पण तो कागद आधीच लिहून आणलेला होता, हे मात्र अजून सलते. शाळेचे नाव सांगत नाही. अशी शाळा एकच असेल असेही नाही.

ही जुनी गोष्ट आठवण्याचे निमित्त वेगळेच झाले. ज्यू लोकांच्या मक्काबिया या क्रीडास्पर्धेविषयी काही वाचनात आले. १९३२ साली तेल अविव येथे ती प्रथम भरली. आता साधारणतः दर चार वर्षांनी इस्रायलमध्ये भरते. देशोदेशीचे ज्यू खेळाडू आपापल्या देशाचे संघ घेऊन तेथे जातात, त्यांत क्रिकेटही असते. खेळाडू ज्यू असला पाहिजे ही पहिली अट; मात्र इस्रायलचा नागरिक कोणत्याही धर्माचा असला तरी चालतो. प्रत्येक देशातील ज्यूंची क्रीडासंस्था अर्ज मागविते, चाचण्या घेते किंवा मागील कामगिरी पाहते आणि संघ ठरविते. अमेरिका, इंग्लंड यांसारख्या देशांत तर निवड झालेल्या खेळाडूला खर्चाचा मोठा वाटा स्वतःच उभा करावा लागतो. म्हणजे आधी जन्म, मग खेळ आणि शेवटी खिसा!

मी हे वर्गात सांगितले तेव्हा एक मित्र फटकन म्हणाला, "हे तर जातवार सामने झाले!" त्याचे म्हणणे मला अर्धेच पटले. युरोपात अनेक क्रीडामंडळांची दारे ज्यूंना बंद होती, म्हणून त्यांनी आपली मंडळे काढली. १९३३ नंतर जर्मनीत तर त्यांना मंडळांतून सरसकट हाकलून देण्यात आले. दुसऱ्याच्या अंगणात खेळू देत नाहीत म्हणून कोणी आपले अंगण सारवले, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. अंगण आपले झाल्यावर, आपल्यांतला कोण आत आणि कोण बाहेर, हे कोण ठरविणार?

हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. कोकणातले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, किहीमकर अशी गावावरून पडलेली त्यांची आडनावे. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळजण मोठ्या आशेने इस्रायलला गेले. आणि तेथे काय झाले? १९६२ च्या सुमारास तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहाच्या वेळी वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. शतकानुशतके शनिवार पाळलेल्या माणसांना 'तुम्ही खरेच ज्यू का?' असे विचारले गेले! त्यांनी मोठे आंदोलन केले. अखेर १९६४ साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. याच समाजातले मुंबईचे ज्यूडा रूबेन १९६९ ते १९७७ या काळात दहा कसोटी सामन्यांत पंच होते. त्यांनी बोट वर केले की फलंदाज मुकाट्याने तंबूत जाई. त्यांचा वंश विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

मुंबईत तर एके काळी धर्मवार क्रिकेटच चाले. आधी युरोपियन आणि पारशी, १९०७ पासून हिंदू, १९१२ पासून मुसलमान आणि १९३७ साली 'दि रेस्ट' म्हणजे 'उरलेले'! ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध अशा सगळ्यांची मिळून ही मोट. या उरलेल्यांतल्या सांगलीच्या विजय हजारेंनी १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध, संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या. अशा सामन्यांविषयी गांधीजींनी १९४० साली उघड नापसंती व्यक्त केली होती. १९४६ नंतर ते बंदच पडले. झाले ते बरेच झाले.

पण या सामन्यांच्या इतिहासात मला सर्वांत बोलके वाटते ते पळवणकर बाळू यांचे प्रकरण. जन्म १८७६ चा, चांभार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबावर मैदानाची निगा राखण्याचे काम. फावल्या वेळात हा गडी डाव्या हाताने साहेबांना चेंडू टाकी. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू खेळाडूंना गोऱ्यांना हरविण्याची इच्छा झाली, तेव्हा या गोलंदाजाशिवाय भागणार नव्हते. मग काय करावे? बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले, पण चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. जेवणही वेगळे. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, हे शास्त्र कोणत्या ग्रंथात आहे कोण जाणे!

१९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, तरी बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराच्या वर बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी आम्हीही खेळणार नाही असे कळविले. दोघेही संघाचे खंदे फलंदाज. मग बाळू परत आले आणि उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरविले, तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. मला वाटते, हा विजय त्या अंतिम सामन्यापेक्षाही तीन वर्षांपूर्वीच्या त्या नकाराचा होता.

आमच्या नागपूरचे सी. के. नायडू याच हिंदू संघातून पुढे आले. १९३२ साली भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला निघाला, तेव्हा कर्णधार नेमले होते पोरबंदरच्या महाराजांना. कारण ते महाराजा होते! पण लॉर्ड्सवर ते स्वतःच बाजूला झाले आणि नायडूंनी नेतृत्व केले. त्या महाराजांच्या धावा कोणी आठवीत नाही. त्यांचा हा शहाणपणा मात्र आठवावा असा आहे.

आता कोणी म्हणेल, तेल अविव आणि मुंबईच्या या गोष्टींशी कळमेश्वरचा काय संबंध? आज आपल्याकडे मातीच्या भांड्यात वेगळा चहा कोणी देत नाही. पण चाळणी नाहीशी झाली असे मला वाटत नाही. तिची भोके तेवढी बदलली. माझी चुलत बहीण धापेवाड्याकडून रोज एस. टी.ने एका महाविद्यालयात येते. खो-खोत तिला पकडायचे म्हणजे पारा चिमटीत धरायचा. पण सराव ठेवला संध्याकाळी पाच ते सात आणि तिच्या गावाकडची शेवटची सोयीची गाडी साडेपाचला. सरावाला हजेरी नाही म्हणून यादीत नाव नाही. कोणी तिची जात विचारली नाही, पैसेही मागितले नाहीत. नियम सर्वांना सारखाच होता! फक्त तो गावातच राहणाऱ्या मुलींना सोयीचा होता. निवड झालेल्या बारा जणींत बाहेरगावाहून येणारी एकही नाही, हे कोणाच्या ध्यानातसुद्धा आले नाही. बूट स्वतः आणायचे, ही अट तर आणखी वेगळीच.

चाचणीची सूचना आठ दिवस आधी फलकावर लागावी, चाचणी सर्वांदेखत व्हावी, कोणाला किती गुण पडले ते तेथेच लिहावे आणि सराव मधल्या सुट्टीत किंवा सकाळी ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे. यासाठी अनुदान लागत नाही. बहिणीबरोबर जाऊन हे सारे मी तेथील क्रीडाविभागाच्या प्रमुखांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, वही उघडली, तिचे नाव आणि गाव लिहून घेतले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू."

ती यंदा अंतिम वर्षाला आहे.